जखम भरली, तरी दुखायचं थांबेना: जुनाट वेदना समजून घेताना

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात साडीच्या दुकानाची मोठी पिशवी होती. पिशवीत एमआरआयच्या तीन फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि कमरेचा एक पट्टा. "ताई, मणक्यात गॅप आलाय. पाच वर्षं झाली. एकजण म्हणतात ऑपरेशन करा, एकजण म्हणतात वयाचं आहे. आणि घरचे म्हणतात, मनाचं आहे." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बसला.

मी सांगलीत फिजिओथेरपीचं काम करते. अशा पिशव्या कायम बघते. काकूंची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत, पण दुखणं तेच ठेवलं आहे. पाच वर्षं सोसणाऱ्या बाईला "तुला काही झालेलं नाही" म्हणणं चूक आहे, आणि "मणका झिजला, आता हे असंच चालायचं" म्हणणंही तितकंच चूक. या दोन्हींपेक्षा वेगळं, जास्त खरं असं एक उत्तर वेदनेच्या शास्त्राकडे आहे. ते गेल्या साठेक वर्षांत उलगडत गेलं, पण पेशंटच्या कानापर्यंत फारसं पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुखणं नेमकं कुठे तयार होतं?

बोटाला तव्याचा चटका बसला की तिथल्या बारीक मज्जातंतूंची टोकं चेततात. त्यातून निघालेला संदेश पाठीतल्या मज्जारज्जूत जातो आणि तिथून मेंदूत. इथपर्यंत आपण शाळेत शिकतो. पण तंतूंमधून जाणारा हा संदेश म्हणजे अजून वेदना नव्हे. "इथे धोका दिसतोय" एवढीच ती वर्दी असते. वर्दी किती गंभीर मानायची हे मेंदू ठरवतो, आणि ठरवताना तो नुसत्या बोटाकडे बघत नाही. मागे असं झालं तेव्हा पुढे काय झालं होतं, आत्ता मी कुठे आहे, सोबतीला कोण आहे, रात्री झोप झाली का, हे सगळं जमेस धरतो. हा हिशेब आपल्या नकळत आणि क्षणात होतो. त्यात आपली मर्जी चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ काम करत होते. मोठ्या जखमा घेऊन आलेल्या सैनिकांना ते विचारत, दुखणं थांबवायला औषध देऊ का? सुमारे तीन-चतुर्थांश सैनिक नको म्हणाले. ते शुद्धीवर होते, बोलत होते. पण त्या जखमेचा अर्थ त्यांच्यासाठी "मी जिवंत सुटलो, आता घरी जाणार" असा होता. याच्या अगदी उलट प्रसंग १९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने उडी मारली ती नेमकी १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार वर आलेला. जरा हलवला तरी तो विव्हळत होता, म्हणून गुंगीचं औषध देऊन खिळा काढला. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला साधं खरचटलेलंही नाही.

त्या कामगाराची वेदना खोटी होती का? मुळीच नाही. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून मेंदूने धोका मोठा ठरवला आणि तेवढी वेदना तयार केली. सैनिकाची जखम खरी होती आणि वेदना कमी. कामगाराची वेदना खरी होती आणि जखम नव्हतीच. दुखणं आणि दुखापत यांचा संबंध असतो, पण तो तराजूसारखा नसतो.

आपल्या आयांना हे वेगळ्या तऱ्हेने ठाऊक होतंच. लेकरू पडलं की गुडघा चोळायचा, फुंकर घालायची. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असतं. स्पर्शाचे जाड तंतू चेतले की हे दार थोडं लोटलं जातं, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा मिटतात. त्या मांडणीतले बारकावे पुढे बदलले, पण वेदनेची वाट दुहेरी असते हा गाभा टिकला. फुंकरीत आईचा जवळपणाही असतो, आणि तोही वरून खाली काम करतो.

ताक फुंकून पिणारी मज्जासंस्था

साधारण तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. तीन महिनेच का? बहुतेक स्नायू, अस्थिबंध आणि हाडं एवढ्या काळात भरून येतात. मग त्यानंतरही दुखतं ते कशाने?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मज्जासंस्था हुबेहूब तेच करते. बराच काळ धोक्याच्या वर्दी येत राहिल्या की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त हळव्या होतात. क्लिफर्ड वुल्फ या संशोधकांनी १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं: इजेनंतर, एरवी काहीच जाणवू नये अशा हलक्या स्पर्शालाही मज्जारज्जू जोराने दाद देऊ लागला. वहिवाट पडली की शेतातली पाऊलवाट रुळते, तशी ही वाट रुळते. मग कमरेला साडीचा काठ लागला तरी झोंबतं, आधी एका जागी असलेलं दुखणं पसरतं, पाच मिनिटं वाकलं तर दोन दिवस ठणकतं.

आणि हळवेपण वेदनेपुरतं राहत नाही. काकूंना मी विचारत गेले. मिक्सरचा आवाज सहन होतो का? नाही. उजेडाचा त्रास? होतो. पोट बिघडतं? कधी गच्च, कधी पातळ. छातीत धडधड, हातपाय गार, चक्कर आल्यासारखं, नाव पटकन न आठवणं, सकाळी उठताच दमलेलं असणं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे सगळं तुम्हाला कसं कळलं? मी तर कंबरच सांगितली." यातलं प्रत्येक लक्षण वेगळ्या डॉक्टरकडे गेलं होतं, प्रत्येकाची वेगळी गोळी होती. शरीराचा राखणदार कायम जागा असला की हृदय, आतडी, झोप, लक्ष, सगळीकडे त्याची धावपळ दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, अशा जुनाट वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. म्हणून "मनाचं आहे" हे वाक्य घरातून हद्दपार व्हायला हवं. हे मज्जासंस्थेचं आहे, आणि मज्जासंस्था शरीरच आहे.

तुमचं दुखणं कोणत्या शब्दात सांगता?

मराठीत दुखण्याला जेवढे शब्द आहेत तेवढे रिपोर्टमध्ये नसतात. मी पेशंटला म्हणते, "दुखतं" म्हणू नका, कसं दुखतं ते सांगा. ठणका लागतो, सुजलंय, गरम लागतं असं असेल तर त्या जागी दाह, म्हणजे आतली सूज, असण्याची शक्यता जास्त. मुंग्या, जळजळ, करंट बसल्यासारखी कळ, बधिरपणा असेल तर मज्जातंतूलाच इजा असू शकते: मधुमेह, बी-१२ ची कमतरता, नागीण होऊन गेल्यानंतरची आग, दबलेली नस. आणि "सगळं अंग ठेचल्यासारखं, आज इथे उद्या तिथे, हात लावला तरी नको" असं असेल तर हळव्या झालेल्या मज्जासंस्थेकडे बोट जातं. या तिसऱ्या प्रकाराला २०१७ पासून 'नोसिप्लास्टिक' वेदना असं नाव आहे, सगळं अंग दुखत राहतं तो फायब्रोमायल्जिया हा आजार त्यातलाच. पुष्कळांमध्ये तिन्हींची सरमिसळ असते. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेले पेशंट आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यात सांध्यातला दाह आणि मज्जासंस्थेचं हळवेपण दोन्ही पाहावं लागतं.

आता "गॅप"बद्दल. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं, मणके एकमेकांपासून सुटलेत, वाकलो तर निखळतील. रिपोर्टात बहुतेक वेळा उलटंच लिहिलेलं असतं: मधली गादी थोडी सुकून दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली. शिवाय गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नसते, ती वरखालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. तिचा फुगवटा बाहेर येतो, आणि तो कित्येकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांमध्ये आणि पन्नाशीतल्या ८० टक्क्यांमध्ये दिसली. ही सगळी न दुखणारी माणसं! झीज म्हणजे केस पिकावेत तसं आतलं पिकणं. ती कधी दुखण्याचं कारण असते, पुष्कळदा नसते. "वाटी घासली", "वंगण संपलं" हे शब्दही असेच माणसाला हालचालीची धास्ती घालतात. डॉक्टरांनी आणि आम्ही फिजिओथेरपिस्टांनी ते जपून वापरायला हवेत.

पण आधी हे तपासाच

मज्जासंस्थेचं हळवेपण हे न तपासता चिकटवायचं लेबल नव्हे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यापैकी काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, रात्री झोपेतून उठवणारं आणि वाढतच जाणारं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हेही थांबण्यासारखं नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो. त्वचेवरचा बधिर चट्टा कुष्ठरोगासाठी तपासून घ्यावा, तो औषधांनी पूर्ण बरा होतो. तरुण मुलाची पाठ पहाटे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहते आणि हालचालीने मोकळी होते, तर ती संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. साखर, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व या साध्या तपासण्यांतूनही पुष्कळ कळतं. शाकाहारी माणसांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे.

काकूंचं हे सगळं झालेलं होतं. बी-१२ कमी होतं, ते भरून काढलं होतं, मुंग्या थांबल्या होत्या. कंबर उरली होती.

पाचवी भाकरी

आता काम सुरू होतं, आणि ते पूर्ण माणसाचं असतं. १९७७ साली जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं होतं की आजार समजायला शरीर, मन आणि माणसाभोवतीचं जग तिन्ही एकत्र पाहावं लागतं. जुनाट वेदनेत याचा पडताळा रोज येतो.

मी काकूंना विचारलं, दुखण्यामुळे काय सुटलं त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं? मला वाटलं देवदर्शन म्हणतील, लग्नकार्यं म्हणतील. त्या म्हणाल्या, "भाकरी. सून करते चांगल्या, पण यांना माझ्या हातची लागते. आणि मलाही." मग आमचा व्यायाम भाकरीच झाला.

काकूंचं गणित असं चालायचं: बरं वाटलं त्या दिवशी आठही भाकऱ्या, वर चादरी धुणं, वर माळा आवरणं. मग दोन दिवस अंथरुणात. मग अपराधी वाटून पुन्हा तेच. या चढउतारात मज्जासंस्था एकच धडा गिरवत होती: काम म्हणजे धोका. आम्ही तीन दिवस नुसतं मोजलं. ओट्याशी उभं राहून थापताना कितव्या भाकरीला दुखणं चढतं? पाचव्या, चौथ्या, सहाव्या. सरासरी पाच. मी म्हणाले, मग आपण चारवर थांबायचं. बरं वाटलं तरी चार, नको वाटलं तरी चार. त्यांना पहिलं वाक्य दुसऱ्यापेक्षा जड गेलं. चार झाल्या की स्टुलावर बसायचं, तव्यावरची भाकरी काकांनी परतायची. चारपाच दिवस निभलं की एक वाढवायची.

बघायला हे क्षुल्लक दिसतं, पण त्यामागे शास्त्र आहे. दुखणं चढायच्या आत थांबलं की मेंदूला "वाकले, उभी राहिले, आणि काही बिघडलं नाही" असा अनुभव मिळतो. असे शेकडो अनुभव साठले की राखणदार हळूहळू शांत होतो. उपदेशाने तो शांत होत नाही. चालणं असो, जिना असो, संगणकासमोर बसणं असो, पद्धत तीच: मोजा, थोडं कमी घ्या, दर आठवड्याला किंचित वाढवा. व्यायामाचा कोणता प्रकार श्रेष्ठ यावर लोक तावातावाने भांडतात. मी म्हणते, जो तुम्ही सहा महिने करत राहाल तो.

झोपेला मी याच्या बरोबरीचं मानते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी वेदना सोसण्याची पातळी खाली येते, आणि दुखलं की झोप लागत नाही. ही दोन्ही टोकं एकमेकांना ओढत राहतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, संध्याकाळनंतर चहा नाही, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसणं, एवढ्यानेही फरक पडतो. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. श्वासाचं म्हणाल तर मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब. सावकाश ओंकार म्हणताना हेच आपोआप होतं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते, शरीराची शांत करणारी बाजू जागी होते. दुखणं जाईलच असं नाही, पण चढता पारा थोडा थांबतो.

गोळ्यांचं काय?

काकूंच्या एका चिठ्ठीवर ड्युलोक्सेटिन होतं. चार दिवस घेऊन त्यांनी बंद केलं, कारण पुतण्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, "ही डिप्रेशनची गोळी आहे." डॉक्टर आपल्याला वेडं समजतात असं वाटून त्या रात्रभर रडल्या. कुणी दोन मिनिटं काढून समजावलं असतं तर हे टळलं असतं. ड्युलोक्सेटिन किंवा कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन वेदनेसाठी दिलं जातं, कारण मेंदूकडून खाली येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या वाटांना ते बळ देतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ही औषधं मनाने एकदम थांबवायची नसतात.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये, दुसरं कारण न सापडलेल्या जुनाट वेदनेसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम, विशिष्ट मानसोपचार, अॅक्युपंक्चर आणि काही नैराश्यविरोधी औषधांचा विचार करा असं म्हटलं; पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं, अफूवर्गीय औषधं आणि प्रिगॅबॅलिन या वेदनेसाठी सुरू करू नका असं सांगितलं. मज्जातंतूला खरी इजा असेल तिथे प्रिगॅबॅलिनचा उपयोग होतो, म्हणून सरसकट घाबरूही नका. पण मेडिकलच्या दुकानातून रोज आणून घेतलेलं डायक्लोफिनॅक मूत्रपिंड आणि जठर खातं, आणि डोकेदुखीसाठी महिन्यात पंधराहून जास्त दिवस साधी वेदनाशामकं घेतली तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आणखी एक कळकळीने सांगते: "दोन दिवसांत गुण" देणारी, नाव-पत्ता नसलेली वाताची पुडी घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

घरातली माणसं

काकूंच्या घरी दोन तऱ्हा होत्या. सून म्हणायची, "तुम्ही बसा आई, कशालाच हात लावू नका." काका म्हणायचे, "हिचं रोजचंच आहे." दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण पहिलीने काकूंच्या हातातलं सगळं गेलं, दुसऱ्याने विश्वास गेला. मी तिघांना एकत्र बसवलं, खिळ्याची गोष्ट सांगितली. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हिला दुखत होतंच." काकूंनी पदर डोळ्याला लावला. पाच वर्षांच्या उपचारांत मला तो क्षण एखाद्या इंजेक्शनपेक्षा कमी वाटत नाही. त्यानंतर घरात "आज किती दुखतंय?" हा प्रश्न बंद झाला आणि "आज किती झाल्या?" हा सुरू झाला.

समुपदेशनाला पाठवलं की पेशंटला पुन्हा तीच शंका येते, म्हणून स्पष्ट सांगते: भीती, राग, पैशाची विवंचना, एकटेपण हे धोक्याच्या हिशेबात मोजले जातात, म्हणून त्यांच्यावर काम करणं म्हणजे वेदनेवरच काम करणं. आणि सोसून सोसून जगणंच नको वाटू लागलं असेल तर ते मनात ठेवू नका. 'टेली मानस' ही सरकारी, मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

काकू चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास आठ भाकऱ्यांवर आल्या. मग गौरी-गणपती आले. तीन दिवस ओट्याशी उभं राहणं, पाहुणे, जागरण. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला: "ताई, सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. एमआरआय काढू का?" मी विचारलं, पायात काही नवीन? बधिरपणा, लघवीचा त्रास, ताप? काहीच नव्हतं. म्हटलं, मग ही उसळी आहे, मणका तोच आहे. आज गरम पाण्याची पिशवी, घरातल्या घरात तासाला पाच मिनिटं चालणं, लांब श्वास, रात्री लवकर पाठ टेकणं. अंथरूण धरायचं नाही. परवापासून चार भाकऱ्या.

त्या म्हणाल्या, "चार कशाला, तीनने सुरू करते." पुढच्या सोमवारी आल्या तेव्हा सहावर होत्या.